शिशाचे नाव-गाव

खनिजांचे नमुने जमवणाऱ्यांच्या जगात दगडाइतकीच त्याच्याबरोबरची चिठ्ठी मोलाची मानली जाते. दोन-तीन बोटे रुंदीच्या त्या कागदावर खनिजाचे नाव, खाणीचे किंवा जवळच्या गावाचे नाव, जिल्हा आणि देश एवढाच मजकूर असतो. नमुना एका संग्राहकाकडून दुसऱ्याकडे गेला की नवा मालक आपली चिठ्ठी लिहितो. पण जुन्या चिठ्ठ्या फेकायच्या नसतात, त्या नव्या चिठ्ठीमागे जपून ठेवायच्या असतात. चिठ्ठी हरवलेला नमुना कितीही देखणा असला तरी त्याची किंमत उतरते. तो मग केवळ एक सुंदर दगड उरतो, त्याला वंशावळ राहत नाही.

जुन्या पोथ्यांशी ज्यांचा संबंध आला आहे त्यांना ही रीत अपरिचित वाटणार नाही. पोथीच्या शेवटच्या पानावरची पुष्पिका हेच काम करते. शके, तिथी, गाव, पोथी कोणासाठी उतरवली आणि कोणी उतरवली, हे सारे ती सांगते. कधीकधी तर लिहून लिहून पाठ मोडली, मान आखडली, तेव्हा वाचणाऱ्याने पोथी जपावी, अशी विनवणीही तिथे भेटते. या दोन कागदांत एक फरक मात्र आहे, आणि मला जे सांगायचे आहे ते त्या फरकाविषयीच आहे. पुष्पिकेत लिहिणाऱ्या हाताचे नाव असते. खनिजाच्या चिठ्ठीवर दगड काढणाऱ्या हाताचे नाव नसते.

माझ्याजवळ असा एकच नमुना आहे, आणि तो गॅलेना या खनिजाचा आहे. अमेरिकेत स्थायिक झालेला एक माजी विद्यार्थी काही वर्षांपूर्वी सुटीवर आला होता, त्याने तो आणून दिला. माझे वडील छापखान्यात जुळारी होते हे त्याला ठाऊक होते. ‘सर, तुमच्या वडिलांच्या खिळ्यांचं हे मूळ,’ असे म्हणून त्याने पुडके माझ्या हातावर ठेवले, आणि त्या आकाराला न शोभणाऱ्या वजनाने हात किंचित खाली गेला. आत पांढरट, गारेसारख्या दगडावर बसलेले तीन घन होते. करडे, निळसर झाक असलेले, आरशासारख्या सपाट बाजूंचे. सोबतच्या चिठ्ठीवर लिहिले होते : गॅलेना, पिचर, ओटावा काउंटी, ओक्लाहोमा.

गॅलेना म्हणजे शिसे आणि गंधक यांचे संयुग. वजनाच्या हिशेबाने त्यात ८६ टक्क्यांहून अधिक शिसेच असते. पाण्याच्या साडेसात पट घनता असल्यामुळे ते आपल्या काळ्या पाषाणाच्या अडीच पट जड भरते. जड असले तरी कठीण मात्र नाही. तांब्याच्या नाण्याने त्यावर ओरखडा उठतो. त्याचा सर्वांत विलक्षण गुण फुटण्यात आहे. गॅलेनाच्या घनावर घाव घातला तर तो वेडावाकडा फुटत नाही. एकमेकांशी काटकोनात असलेल्या तीन दिशांनीच तो दुभंगतो आणि मोठ्या घनाचे लहान घन होतात. त्यांनाही फोडले तर आणखी लहान. अणूंची मांडणीच तशी असल्यामुळे तुकड्यातुकड्यात तोच आकार दडलेला असतो.

भट्टीला या आकाराशी काही देणेघेणे नसते. जगात आजवर वापरले गेलेले बहुतेक शिसे गॅलेनापासूनच काढलेले आहे. खाणीतून निघालेला दगड दळायचा, त्यातले गॅलेना वेगळे करायचे, ते भाजून गंधक घालवायचा आणि उरलेल्या ऑक्साइडपासून धातू मिळवायचा, हा त्या उद्योगाचा क्रम आहे. घन कितीही रेखीव असला तरी दळणाच्या यंत्रात त्याची पूडच होते. तेव्हा संग्राहकाच्या कपाटातला गॅलेनाचा प्रत्येक नमुना म्हणजे भट्टीतून वाचलेले शिसे होय. तो आपोआप वाचलेला नसतो. कोणीतरी अंधारात, दिव्याच्या उजेडात तो पाहिलेला असतो, आणि हा दळायचा नाही असे ठरवलेले असते.

रायगडच्या किनारपट्टीवर, जिथे माझे आयुष्य गेले, तिथे शिशाची खाण नाही. इथला पाषाण म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थंड झालेला लाव्हा. शिशाची खनिजे साठावीत अशी घडण त्याला लाभलेली नाही. त्याच्या पोकळ्यांत झिरपलेल्या पाण्याने दुसरेच वैभव भरले : स्टिल्बाइटचे गुलाबी पंखे, अपोफिलाइटचे पाणीदार स्फटिक, ह्यूलँडाइट, गारगोट्या. १८५६ ते १८६३ या काळात कर्जतहून वर चढणारा बोरघाटाचा रेल्वेमार्ग फोडला गेला तेव्हा अशा पोकळ्या उघड्या पडल्या, आणि त्यांतले नमुने इंग्लंडातील संग्रहांत जाऊन बसले. त्यांच्या चिठ्ठ्यांवर ‘बोरघाट’ हे नाव आहे. या कामाचा कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल भारतात येऊन थोड्याच दिवसांत, १८५९ मध्ये, मरण पावला आणि त्याची पत्नी अ‍ॅलिस हिने काम पुढे नेले, हे इतिहासात नोंदलेले आहे. सुरुंगाने आणि पटकीने जे हजारो मजूर गेले त्यांची गणती ठोकळ आकड्यांत होते, नावांनी होत नाही. अपोफिलाइटच्या त्या पोकळीत पहिला हात ज्याने घातला तो बहुधा त्यांच्यापैकीच एक असेल.

शिसे आमच्या किनाऱ्यावर समुद्रमार्गे आले. ‘पेरिप्लस’ या पहिल्या शतकातील ग्रीक नाविक-वृत्तांतात कल्याणच्या दक्षिणेकडील बंदरांत सेमुल्लाचे नाव येते. तेच आपले चौल, कान्हेरीच्या शिलालेखांतले चेमुल. भडोच आणि मुझिरिस या बंदरांत उतरणाऱ्या पाश्चात्त्य मालाच्या ज्या याद्या त्या ग्रंथात आहेत, त्यांत तांबे आणि कथील यांच्याबरोबर शिसेही आहे. रोमन ग्रंथकार प्लिनी तर म्हणतो की भारतात ना तांबे आहे ना शिसे, आणि तो देश आपली रत्ने आणि मोती देऊन हे धातू घेतो. प्लिनीचे हे म्हणणे अर्धेच खरे. राजस्थानात जावर आणि दरिबा येथे शिशाच्या दोन हजार वर्षांहून जुन्या खाणी आहेत. पण सातवाहनांच्या दख्खनला शिशाची भूक मोठी होती. जगातल्या फार थोड्या राजवटींनी शिशाची नाणी इतक्या मुबलक प्रमाणात पाडली असतील. त्याच शतकांत रोमन साम्राज्यातील भट्ट्यांचा धूर इतका होता की ग्रीनलंडच्या बर्फात त्या काळच्या थरांत वाढलेले शिसे आजही मोजता येते. चौलच्या बाजारात हातोहात फिरणारे नाणे आणि उत्तर ध्रुवाजवळच्या बर्फातला काळिमा ही एकाच उद्योगाची दोन टोके होती. नाण्यावर राजाचे नाव होते. धुराला कोणाचेच नाव नव्हते.

शिशाचे दुसरे रूप आपल्या इतके परिचयाचे आहे की त्यात शिसे आहे हे ध्यानातही येत नाही. शिसे हवेत तापवत ठेवले की आधी त्याचे पिवळट मुर्दाडशिंग होते, आणि तेच मंद आचेवर आणखी तापवत राहिले की शेंदूर होतो. तेलात कालवलेला हा शेंदूर वेशीवरच्या मारुतीला, गावदेवीला, म्हसोबाला आणि गणपतीला पिढ्यान्‌पिढ्या चढत आला. धोंड्याला शेंदूर फासला की त्याचा देव होतो, असे आपण उपहासाने म्हणतो. त्यात एक वस्तुस्थितीही आहे. शेंदराचा हात लागताच तो धोंडा व्यवहारातून बाहेर पडतो. त्यावर कोणी कपडे धूत नाही, तो पायरीला लावत नाही. संग्राहकाची चिठ्ठी गॅलेनाच्या बाबतीत हेच करते. २०२२ मध्ये वणीच्या सप्तशृंगीच्या मूर्तीवरचे शेंदराचे लेप उतरवले गेले तेव्हा आतले मूळ शिल्प प्रकट झाले. वर्षानुवर्षांच्या भक्तीने त्या शिल्पाभोवती शब्दशः शिशाचा डोंगर रचला होता. एका दगडाने आपला आकार सोडून पूड व्हावे आणि त्या पुडीने दुसऱ्या दगडाचा आकार झाकून टाकावा, असा हा प्रवास आहे.

शिशाचे तिसरे रूप म्हणजे छापखान्यातले खिळे, आणि इथे साहित्याच्या माणसाला कपाटाकडे पाठ फिरवून आपल्याच पुस्तकांकडे पाहावे लागते. खिळे शुद्ध शिशाचे नसत. नुसते शिसे दाबाखाली झिजते, म्हणून त्यात अँटिमनी आणि कथील मिसळत. पण गाभा शिशाचाच. जावजी दादाजी यांनी १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना काढला. त्या छापखान्याच्या टाइपाचे वळण राणोजी रावजी आरू यांच्या हाताचे होते. आपण मात्र ‘निर्णयसागरी टाइप’ म्हणतो, आरूंचा टाइप म्हणत नाही. सर्वसाधारणपणे पाहता, गेल्या शतकाच्या आठव्या-नवव्या दशकात ऑफसेट स्थिरावेपर्यंत मराठीत जे काही छापून वाचले गेले, त्यातले बहुतेक शिशातून आले. शिळाप्रेसवरची पुस्तके वगळली तर आधुनिक मराठी साहित्याचा इतिहास हा वितळवलेल्या गॅलेनाचाही इतिहास आहे.

वडील तालुक्याच्या गावी एका लहान छापखान्यात जुळारी होते. सुमारे तीस वर्षे त्यांनी खिळे जुळवले. देवनागरीला जोडाक्षरे आणि काना-मात्रा-वेलांट्या धरून शेकडो खिळे लागतात. त्यांच्या समोरचे खण मला लहानपणी मधाच्या पोळ्यासारखे वाटत. ते खणांकडे पाहत नसत. नजर हस्तलिखितावर, डाव्या हातात स्टिक आणि उजवा हात आपल्या आपण ‘क्ष’च्या किंवा रफाराच्या खणाकडे गेलेला. ओळ उलटी वाचण्याची त्यांना इतकी सवय होती की आरशातला मजकूर त्यांना सरळ दिसे. दिवसभर लग्नपत्रिका, ग्रामपंचायतीच्या पावत्या, शाळांची प्रगतिपुस्तके जुळवायची. वर्षाकाठी एखाद्या स्थानिक कवीचा संग्रह आला की छापखान्यात किंचित उत्साह असे.

त्यांच्या बोटांची टोके करडी असत. रॉकेलने शाई निघे, पण तो करडेपणा जात नसे. त्याच बोटांनी ते दुपारी तंबाखू मळत. खणांच्या तळाशी एक काळसर धूळ साचे. महिन्या-दोन महिन्यांनी खण बाहेर काढायचे आणि ती धूळ भात्याने, भाता नसेल तर तोंडाने फुंकून उडवायची, हा रिवाज होता. ती धूळ म्हणजे झिजलेल्या खिळ्यांचे शिसे. छापखान्यातल्या माणसाने गूळ खावा, त्याने शिसे उतरते, असा समज असल्यामुळे आई रोज संध्याकाळी त्यांच्या हातावर गुळाचा खडा ठेवी. गुळाने शिसे उतरत नाही. पण त्या समजात एक कबुली होती : हे काम अंगात काहीतरी साठवत जाते, हे सर्वांना ठाऊक होते. पोटात मुरडून कळ येई तेव्हा ती पित्ताच्या खात्यावर जमा होई. उतारवयात मनगट ढिले पडले तेव्हा ते वयाच्या खात्यावर. रक्तातले शिसे तपासावे असे कोणाच्या मनातही आले नाही.

शिशाचे शरीराशी वागणे विचित्र असते. रक्तातून ते महिन्याभरात पुष्कळसे उतरते, आणि वाटते की गेले. त्यातला एक वाटा मात्र हाडांत जाऊन बसतो, कारण शरीर त्याला कॅल्शियम समजते. तिथे ते वीस-तीस वर्षेही राहू शकते. हाडे झिजू लागली की पुन्हा रक्तात येते. ज्या कामाची नोंद कोणत्याही कागदावर झाली नाही, त्याची नोंद अशा रीतीने हाडांत होते.

वडिलांनी जुळवलेले एक काव्यसंग्रहाचे पुस्तक आमच्या घरी आहे. कवीने मनोगतात प्रस्तावनाकारांचे, मुखपृष्ठकाराचे, प्रकाशकाचे आणि पत्नीचे आभार मानले आहेत. मागच्या बाजूला मुद्रकाचे नाव आहे. ते असणे भागच होते. १८६७ च्या कायद्याने प्रत्येक पुस्तकावर मुद्रकाचे नाव आणि छपाईचे ठिकाण देणे सक्तीचे केले होते. पण मुद्रक म्हणजे छापखान्याचा मालक. ज्या हाताने त्या संग्रहातले प्रत्येक अक्षर उचलून ओळीत ठेवले, आणि छपाई संपल्यावर प्रत्येक अक्षर पुन्हा त्याच्या खणात टाकले, त्या हाताला पुस्तकात जागा नव्हती. यात कवीचा दोष आहे असे मी म्हणणार नाही. वडिलांनाही त्यात काही उणे वाटले नसावे. मात्र पोथीपासून पुस्तकापर्यंत येताना नेमके काय निसटले, ते इथे दिसते. लिपिकाराने पुष्पिकेत नाव लिहिले होते, कारण लेखणी त्याच्याच हातात होती. जुळाऱ्याच्या हातात तर सगळी वर्णमाला होती. मजकूर मात्र त्याचा नव्हता.

छापखाना ऑफसेटवर गेला तेव्हा खिळे किलोच्या भावाने भंगारात गेले. भट्टीच्या दृष्टीने ‘ज्ञ’ आणि ‘अ’ यांत फरक नसतो, जसा तो रेखीव घनात आणि ओबडधोबड ढेपेतही नसतो. नंतर पुण्या-मुंबईकडचे काही हौशी लोक जुन्या छापखान्यांतले लाकडी खण आणि उरलेसुरले खिळे शोधू लागले. आता ते दिवाणखान्यांत दिसतात. जे वितळून गेले नाही त्याला किंमत आली.

पिचरची कथाही याच वळणाने जाते. ओक्लाहोमा, कॅन्सस आणि मिसूरी या तीन राज्यांच्या सीमेवर एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून सुमारे १९७० पर्यंत शिसे आणि जस्त यांच्या प्रचंड खाणी चालल्या. पिचरच्या आसपासची पुष्कळशी जमीन क्वापॉ या आदिवासी समाजाची होती. पहिल्या आणि दुसऱ्या महायुद्धांत बंदुकांच्या गोळ्यांसाठी लागणाऱ्या शिशाचा मोठा भाग याच पट्ट्यातून गेला. खाणी बंद झाल्या तेव्हा दळलेल्या दगडाच्या चुऱ्याचे डोंगर गावाभोवती उरले. मुले त्या डोंगरांवरून घसरगुंडी खेळत, तीच रेती अंगणात आणि रस्त्यांवर पसरली जाई. बंद खाणींत भरलेले पाणी वर येऊन ओढ्यांना तांबूस रंग आला. १९८३ मध्ये अमेरिकेने हा परिसर आपल्या सर्वांत प्रदूषित स्थळांच्या यादीत घातला. १९९० च्या दशकातील तपासण्यांत गावातील अनेक मुलांच्या रक्तात धोकादायक प्रमाणात शिसे आढळले. लोकांना घरांचे पैसे देऊन हलवण्यात आले, आणि २००९ मध्ये पिचर नगरपालिका कायद्याने विसर्जित झाली. आज ते गाव म्हणून उरलेले नाही.

खनिजांच्या बाजारात मात्र पिचर जिवंत आहे. बंद पडलेल्या खाणीतून नवा नमुना निघणार नसल्यामुळे तिथल्या गॅलेनाला संग्राहकांत विशेष मान आहे. गाव नकाशावरून पुसले गेले आणि चिठ्ठीवर टिकून राहिले. हे नमुने वर आले कसे, याविषयी संग्राहकांत सर्वत्र सांगितली जाणारी एक गोष्ट आहे : खाणकामगार ते जेवणाच्या डब्यातून बाहेर काढत. कंपनीच्या दृष्टीने ती बहुधा चोरीच. पण त्या डब्यांनीच ते स्फटिक भट्टीतून वाचवले. थकून बाहेर पडणाऱ्या एखाद्या माणसाला सकाळपासून फोडलेल्या टनभर दगडांपैकी एक दगड वेगळा वाटला, तो त्याने फडक्यात गुंडाळला आणि घरच्या खिडकीत ठेवला किंवा चार पैशांना विकला. सौंदर्याची पहिली पारख त्याने केली. नंतरच्या सर्व संग्राहकांनी, मीही त्यात आलो, त्याच्या निवडीवर फक्त शिक्कामोर्तब केले आहे. टीकाशास्त्राच्या भाषेत बोलायचे तर या नमुन्याचा पहिला रसिक तोच, आणि त्याचेच नाव चिठ्ठीवर नाही.

हा केवळ खनिजांचा प्रश्न असता तर साहित्याच्या वाचकांपुढे मांडण्याचे कारण नव्हते. आपणही संग्राहक आहोत. आपल्या लोकसाहित्याच्या संग्रहांत शेकडो ओव्या, भलऱ्या, कोळीगीते आहेत, आणि त्यांतल्या कितीतरींच्या खाली फार तर जिल्ह्याचे नाव आढळते. ठाण्याचे गीत, कुलाब्याचे गीत. हे खाणीचे नाव झाले. गीत कोणाच्या तोंडून घेतले हे विचारावे असे संकलकाला वाटले नाही, कारण लोकगीताला कर्ता नसतो असा सिद्धान्त त्याच्याजवळ तयार होता. तो सिद्धान्त रचनेपुरता काही अंशी खरा असेलही. पण गाणारा गळा नेहमीच कोणाचा तरी असतो. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी जात्यावरच्या ओव्यांचे जे संकलन उभे केले, ज्यात लाखाहून अधिक ओव्या आहेत, त्याचे मोल केवळ संख्येत नाही. ओवी म्हणणाऱ्या बाईचे नाव आणि गाव त्यांनी ओवीबरोबर नोंदवले. त्यामुळे त्या ओव्या ‘मराठी स्त्रीच्या’ न राहता अमक्या गावच्या अमक्या बाईच्या झाल्या, आणि म्हणूनच दोन बायकांच्या ओव्यांची तुलना करता येऊ लागली. नाव नोंदवण्यात सौजन्य आहेच. त्याहून अधिक म्हणजे त्यात ज्ञान आहे.

याचा आणखी जुना पुरावा आमच्याच किनाऱ्यावर आहे. मांदाडच्या खाडीजवळ कुडा येथील बौद्ध लेण्यांत दात्यांचे शिलालेख कोरलेले आहेत. त्यांत राजकुळाशी संबंधित माणसे आहेत, तसा कऱ्हाडचा एक लोखंडाचा व्यापारी आहे, एक माळीही आहे. नाव, धंदा, गाव. दोन हजार वर्षांपूर्वीच्या त्या समाजाला माळ्याचे नाव दगडावर असण्यात वावगे वाटले नाही. लेणे खोदणाऱ्या पाथरवटाचे नाव मात्र तिथेही शोधावेच लागते. प्रत्येक काळ आपल्या चिठ्ठीवर कोणाला घ्यायचे ते ठरवतो, आणि ज्याने हाताने काम केले त्याची पाळी सहसा शेवटी येते.

निवृत्तीपूर्वी काही वर्षे मी विद्यार्थ्यांकडून लोकसाहित्याचे संकलन करून घेत असे. आरंभी मुले गीताखाली ‘अज्ञात’ असे लिहून आणत. मी त्यांना तो शब्द खोडायला लावत असे. ‘अज्ञात’ या शब्दात कोणाचीच जबाबदारी नसते; जणू ते नाव जगालाच ठाऊक नव्हते. वस्तुतः ते त्या बाईला ठाऊक होते, तिच्या शेजारणींना ठाऊक होते, विचारले असते तर मिळाले असते. म्हणून त्या जागी तीनपैकी एक लिहावे असा मी नियम केला : नाव, किंवा ‘नाव सांगण्याची इच्छा नव्हती’, किंवा ‘नाव विचारले नाही’. तिसरा पर्याय लिहायची वेळ येऊ नये म्हणून मुले परत गावात जात. थळच्या एका आजींनी तर, ‘एवढी गाणी सांगितली, नाव आज विचारतोस होय रे?’ असे म्हणून एका मुलाला चहा पाजला आणि मग माहेरच्या नावासकट सारे लिहून घ्यायला लावले.

पिचरच्या गॅलेनामागे आता माझीही एक चिठ्ठी आहे. संग्राहकांच्या रिवाजाप्रमाणे आधीची चिठ्ठी मी तशीच राखली आहे. माझ्या चिठ्ठीवर खनिज, गाव, जिल्हा, देश या नेहमीच्या ओळी आहेत, आणि त्यांखाली आणखी एक ओळ आहे : ‘काढणारा : नाव विचारले गेले नाही’. हा नमुना पुढे कोणाच्या हाती जाईल त्याला ती ओळ विचित्र वाटेल. बाजारात तिच्यामुळे दगडाची किंमत वाढणार नाही. पण रकाना आखला गेला आहे, आणि आखलेला रकाना रिकामा आहे हे वाचणाऱ्याला दिसत राहील.